शरीरातले स्निग्ध पदार्थ

स्निग्ध पदार्थ पाण्यात विरघळत नाहीत. शरीरातल्या त्यांच्या बहुतेक कामांचं मूळ या एका गुणधर्मात आहे. खाण्यातलं तेल-तूप म्हणजे मुख्यतः ट्रायग्लिसराइड: ग्लिसरॉलच्या एका रेणूला जोडलेली तीन मेदाम्लं. संपृक्त मेदाम्लांची कर्बसाखळी सरळ असते, त्यामुळे रेणू एकमेकांना बिलगून बसतात आणि पदार्थ घट्ट होतो. तेलातल्या असंपृक्त मेदाम्लांत दुहेरी बंधामुळे साखळीला बाक येतो आणि रेणू सैल राहतात. खोबरेलात संपृक्त मेदाम्लं सुमारे ९० टक्के असतात, म्हणून थंडीत ते बाटलीत गोठतं. शेंगदाणा तेल मात्र ओतता येतं.

एक ग्रॅम मेदातून सुमारे ९ किलोकॅलरी मिळतात, पिष्टमय पदार्थांतून ४. साहजिकच शरीराची मोठी शिल्लक मेदातच असते.

पेशीचं आवरण फॉस्फोलिपिडचं. या रेणूचं डोकं पाण्याकडे ओढ घेतं, दोन शेपट्या पाणी टाळतात. त्यामुळे दुपदरी थर आपोआप जमतो. १९२५ साली हॉलंडमध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या पेशींतले स्निग्ध पदार्थ काढून पाण्यावर पसरले. त्यांचं क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या जवळपास दुप्पट भरलं. गंमत म्हणजे मोजमापात दोन चुका होत्या, पण त्यांनी एकमेकींना खोडलं आणि दुपदरी थराचा निष्कर्ष टिकला.

कोलेस्टेरॉलची बदनामी जरा जास्तच झाली आहे. पित्ताम्लं, कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन ही सगळी त्याच्यापासूनच बनतात. रक्तात ते विरघळत नाही, म्हणून फॉस्फोलिपिड आणि प्रथिनांच्या आवरणातल्या कणांमधून फिरतं. यांपैकी एलडीएल कण दीर्घकाळ जास्त राहिले, की रोहिणीच्या भिंतीत थर साचू लागतो.