शिरपामाळावर आठवलेले हेर

जव्हारला पाहुणे आले की मी त्यांना शिरपामाळावर नेतो. 1664 सालच्या सुरतेच्या स्वारीला जाताना शिवाजी महाराज इथं थांबले आणि जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी त्यांना मानाचा शिरपेच चढवला, म्हणून हे नाव, असं सांगतात. मागच्या खेपेला भाचा बरोबर होता. त्याला शिरपेचाचं काही नव्हतं. "मामा, बहिर्जी नाईकांवर हेरगिरीची मालिका का नाही काढत?" हा त्याचा प्रश्न.

काढतील, पण त्यांना कसं दाखवतील, याची मला धास्ती वाटते.

'द फॅमिली मॅन'मधला श्रीकांत तिवारी घरात सर्रास थापा मारतो. पहिल्या पर्वात (2019) निरपराध करीम मारला जातो, त्याला अतिरेकी ठरवलं जातं, आणि खरं ठाऊक असून श्रीकांत गप्प बसतो. तिथं तो माझ्या मनातून उतरला. पण तो गप्प का, ते कळतं. आपल्या ऑफिसातही असे गप्प बसणारे असतातच की! (कधीकधी आपणच.) 'स्पेशल ऑप्स'मधला (2020) हिम्मत सिंग मला तितकाच नावडला. 2001 च्या संसद हल्ल्यामागे आणखी एक माणूस होता, या एका संशयापायी तो 19 वर्षं काढतो. के. के. मेनन यांचं काम चोख आहे. पण एवढा ध्यास याच माणसाला का? देशासाठी म्हणावं, तर खात्यातले बाकीचेही देशासाठीच राबतात. पुढं 2021 मध्ये त्याची पूर्वकथा सांगायला वेगळी मालिका काढावी लागली, यातच काय ते आलं.

सभासद बखरीत बहिर्जी सुरतेची खबर आणतात. ज्या पेठेत हिंडले, तीच लुटायला सांगताना त्यांना काय वाटलं असेल, याबद्दल अवाक्षर नाही. मालिकावाले तिथं लहानपणीचा एखादा सूड घुसडतील, म्हणजे प्रेक्षकाला नाईक लगेच आवडावेत!

"आणि विक्रमशहा?" भाच्यानं विचारलं. 1672 मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार घेतलं आणि हाच राजा मोगली मुलखात पळाला, हे मी सांगितलं होतं. "मग तो व्हिलनच ना?"

मी त्याला माळाच्या कडेला नेलं. खाली किनाऱ्याला पोर्तुगीज, उत्तरेला सुरतेचे मोगल, घाटावरून येणारे मराठे. मधे हे एवढंसं राज्य. "तू राजा असतास, तर शिरपेच कुणाला दिला असतास?"

भाचा बराच वेळ बोलला नाही.