कोळंबीच्या पायाखालची वाळू

काचेच्या पेटीत मासे पाळण्याचा छंद आपल्याकडे जुनाच आहे. अलीकडे त्यात गोड्या पाण्यातील इंचभर लांबीच्या शोभेच्या कोळंबीची भर पडली आहे. ही ताटातली कोळंबी नव्हे, हे गोमंतकीय श्रोत्यांना आरंभीच सांगितलेले बरे! पेटी घरी आली की मुले विचारतात, तळाला कोणत्या रंगाची वाळू शोभेल? माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावयाचा आहे.

मासा पाण्यात विहरतो. कोळंबी बहुतेक वेळ तळावर वावरते आणि इवल्या चिमट्यांनी कणाकणावरील शेवाळ वेचून खाते. शिवाय तळाचा थर पाण्याचा गुणधर्मही पालटू शकतो. चुनखडी, शिंपल्यांचा वा पोवळ्यांचा चुरा हळूहळू विरघळून पाणी जड व अल्कधर्मी करतो. उलट, पाणवनस्पतींसाठी मिळणारी भाजलेल्या मातीची दाणेदार गोळी पाण्याला आम्लतेकडे नेते. मूळची चीन-तैवानकडील लाल ‘चेरी’ कोळंबी ६.५ ते ८ सामूच्या पाण्यात सुखाने नांदते. तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या ‘क्रिस्टल’ कोळंबीस मात्र मृदू आणि किंचित आम्ल पाणी लागते. एकीला मानवणारा तळ दुसरीच्या जिवावर उठावा तो असा.

‘अगदी निर्धोक माल आहे’ या दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नये. मूठभर कोरड्या खड्यांवर पांढरा शिरका टाकावा. बुडबुडे उठले तर त्यांत चुना आहे असे समजावे. शिरका सौम्य असल्यामुळे बुडबुडे न दिसणे हा मात्र पुरावा नव्हे. त्याहून खात्रीचा प्रयोग शाळकरी मुलांकडूनही करवून घेता येईल. दोन बरण्यांत एकच पाणी भरावे, एकीत धुतलेले खडे घालावेत आणि आठ दिवसांनी दोहोंतील पाण्याचा जडपणा व सामू चाचणीच्या पट्टीने मोजावा. फरक पडला तर तो खड्यांमुळेच.

समुद्रकिनाऱ्यावरील वाळू फुकट मिळते, म्हणून मोह होतो. तिच्यातील मीठ धुतले जाईल, शिंपल्यांचा चुरा जाणार नाही. बांधकामाच्या ढिगातील वाळूत सिमेंट मिसळलेले असण्याचा संभव असतो. रंग दिलेल्या खड्यांचे पापुद्रे सुटतात. हिरवट-निळ्या रेषांचे दगड तर मुळीच नकोत; त्यांत तांबे असू शकते आणि तांब्याचा अल्प अंशही कोळंबीस विषासमान असतो.

चेरी कोळंबीसाठी गोल कडांची, १ ते ३ मिलिमीटर कणांची, चुना नसलेली गडद वाळू उत्तम. तिच्यावर लाल रंगही खुलतो. थर इंचभर पुरे. खडे मोठे असले की अन्न फटींत अडकून कुजते.

क्रिस्टल कोळंबीसाठी दाणेदार माती घेणाराने थोडा धीर धरावा. कित्येक प्रकारची नवी माती पहिले काही आठवडे पाण्यात अमोनिया सोडते. अमोनिया आणि नायट्राइट ही दोन्ही चाचणीत शून्य येईपर्यंत पेटी रिकामीच चालू ठेवावी. या मातीचा गुणही कायमचा नसतो. साधारण एक-दोन वर्षांत तो ओसरतो आणि ती बदलावी लागते, हा खर्च आधीच हिशेबात धरावा. आणि दुकानदार पेटी, माती व कोळंबी एकाच दिवशी देऊ लागला, तर पेटी आणि माती तेवढी घरी आणावी. कोळंबी महिनाभर त्याच्याकडेच राहू द्यावी.