दार सर्वांस उघडें, पण शेवटची पायरी कोण गांठतो?
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



ज्युबिली म्हटली म्हणजे मागें काय झालें याचा हिशेब सांगण्याची चाल आहे, आणि तो हिशेब आमच्या आधीं बोललेल्या वक्त्यांनीं उत्तम प्रकारें सांगितला आहे. आम्हांस शिक्षणाविषयीं बोलण्याची आज्ञा झाली. विषय अफाट आहे. म्हणून त्याचा एकच तुकडा आम्हीं उचलला, आणि तोही परदेशांतला. अमेरिकेंत कम्युनिटी कॉलेज नांवाची एक संस्था आहे. तेथें नाना वर्णांचे, नाना भाषांचे विद्यार्थी येतात, परंतु ते सर्व सारख्या प्रमाणांत पदवीपर्यंत पोंचत नाहींत. हें अंतर कमी करण्यासाठीं त्या लोकांनीं काय केलें, त्यांतलें काय साधलें व काय अजून राहिलें आहे, तें आज सांगावयाचें आहे. इतक्या दूरची कथा येथें कशाला, असें कोणी म्हणेल. पण ज्या घरांतून पहिलाच मुलगा किंवा पहिलीच मुलगी कॉलेजांत गेली, त्या घरच्या आईबापांस ती फारशी दूरची वाटणार नाहीं.

ह्या संस्थेचा जन्म साधा आहे. इलिनॉय संस्थानांतील जोलिएट येथें १९०१ सालीं, तेथील हायस्कुलाचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन आणि शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर ह्यांच्या विचारानें, गांव न सोडतां कॉलेजच्या पहिल्या दोन वर्षांचें शिक्षण घेण्याची सोय झाली. आरंभीं विद्यार्थी अवघे सहा होते. पुढें १९४७ सालीं अध्यक्ष ट्रूमन ह्यांनीं नेमिलेल्या आयोगानें अशीं कॉलेजें देशभर काढावीं, आणि वर्ण, धर्म व पैसा ह्यांवरून कोणाची वाट अडवूं नये, असें आग्रहानें सांगितलें. ‘कम्युनिटी कॉलेज’ हें नांव रूढ झालें तें तेव्हांपासून. आज त्या देशांत अशीं एक हजाराहून अधिक कॉलेजें आहेत. एकट्या कॅलिफोर्नियांत ११६ असून त्यांत सुमारें वीस लाख विद्यार्थी आहेत. फी थोडी. प्रवेशासाठीं गुणांची चढाओढ नाहीं. येईल त्याला जागा. दोन वर्षें येथें काढून पुढील दोन वर्षांसाठीं मोठ्या विद्यापीठांत जावें व पदवीधर व्हावें, अशी ही योजना आहे.

ऐकावयास हें किती गोड लागतें! पण आंकडे पाहिले म्हणजे मन खिन्न होतें. ह्या कॉलेजांत येणाऱ्या दर पांचांपैकीं सुमारें चार विद्यार्थी पूर्ण पदवीची इच्छा धरून येतात. सहा वर्षांच्या आंत ती मिळते शंभरांतील सुमारें सोळांना. कृष्णवर्णीय, स्पॅनिशभाषक घराण्यांतील, व गरीब विद्यार्थ्यांत तर हें प्रमाण त्याहूनही कमी आहे. म्हणजे दारांत शिरतांना सर्व रंगांची गर्दी दिसते, आणि पदवीदानाच्या दिवशीं तीच गर्दी विरळ होऊन तिचा रंगही पालटलेला असतो.

मुलें आळशी, आईबाप बेफिकीर, असें झटपट उत्तर देणारे तेथेंही आहेत. येथें तर त्यांचा तोटा नाहींच. ह्या उत्तरानें एक सोय मात्र होते: कॉलेजास स्वतःकडे पहावें लागत नाहीं. २००४ सालीं ‘अचीव्हिंग द ड्रीम’ ह्या नांवानें एक चळवळ सुरू झाली. तिचा पहिला धडा असा कीं, उत्तीर्णांची एकूण बेरीज सांगून समाधान मानूं नये; ती वर्णाप्रमाणें, मिळकतीप्रमाणें फोडून मांडावी, आणि कोणता विद्यार्थी कोणत्या वर्गापाशीं गळतो तें शोधावें. पुष्कळ ठिकाणीं बोट एकाच जागीं जाऊन टेकलें, आणि ती जागा म्हणजे गणिताचा वर्ग.

हा प्रकार नीट समजून घेण्यासारखा आहे. नवा विद्यार्थी आला कीं त्याची एक लहानशी परीक्षा घेत. तींत कमी पडला तर कॉलेजच्या गणिताआधीं त्याला तयारीचे वर्ग घ्यावे लागत; कधीं एक, कधीं दोन, कधीं तीन, एकापुढें एक. ह्या वर्गांची फी द्यावी लागे, वेळ जाई, पण पदवीच्या हिशेबांत ते धरले जात नसत. आतां उदाहरणादाखल असें समजा कीं, प्रत्येक पायरीवर दहांपैकीं सात जण पास होऊन पुढच्या वर्गांत नांव घालतात. सात म्हणजे कांहीं वाईट निकाल नव्हे. तरी शंभरांचे पहिल्या पायरीनंतर सत्तर राहतात, दुसरीनंतर एकोणपन्नास, तिसरीनंतर चौतीस. आणि कॉलेजचें खरें गणित अजून सुरूच झालेलें नसतें! शिक्षक प्रामाणिक, वर्ग चांगला, आणि तरीही सहासष्ट मुलें वाटेंत हरवलेलीं. ज्यांच्या जुन्या शाळा दुबळ्या होत्या, त्यांनाच ह्या लांब जिन्याच्या तळाशीं उभें करीत. मग गळती कोणत्या वर्णांत अधिक व्हावयाची, हें निराळें सांगावयास नको.

बरें, ती परीक्षा तरी भरंवशाची होती काय? न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजांतील संशोधकांनीं २०१२ सालीं दाखवून दिलें कीं, पुष्कळ विद्यार्थी विनाकारण खालच्या वर्गांत ढकलले जात होते. त्या तासाभराच्या परीक्षेपेक्षां हायस्कुलांतील चार वर्षांचे गुण अधिक खरें भविष्य सांगत. ह्यावरून कॅलिफोर्नियानें २०१७ सालीं कायदा केला आणि २०१९ पासून तो सर्व कॉलेजांस लागू झाला. हायस्कुलाचे गुण पाहून विद्यार्थ्यास थेट कॉलेजच्या वर्गांत बसवावें, आणि तो अडखळला तर त्याच वेळीं जोडीला जादा तास द्यावेत, असा त्याचा मतितार्थ. पहिल्याच सत्रांत कॉलेजचें गणित पुरें करणारांची संख्या ह्यानें पुष्कळच वाढली, आणि ती सर्व वर्णांत वाढली.

येथें आम्हांस एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे, कारण उत्साही लोक ती गाळतात. सर्वांचें पाऊल पुढें पडलें, परंतु त्यांच्यामधलें अंतर मिटलें नाहीं. गोऱ्या व आशियाई मुलांच्या मागें कृष्णवर्णीय व स्पॅनिशभाषक मुलें होतीं, तीं अद्याप मागेंच आहेत. वाटेंतला धोंडा काढला म्हणून अनवाणी चालणाराच्या पायांत वहाण येत नाहीं.

ती वहाण कशी द्यावी, हें न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठानें २००७ सालीं सुरू केलेल्या एका योजनेंत पहावयास मिळतें. तिचें संक्षिप्त नांव ‘असॅप’. दिवसभराची नोकरी, पदरीं लहान मूल, आणि कॉलेजला जाण्यास दोन गाड्या बदलाव्या लागतात, अशी एक विद्यार्थिनी डोळ्यांपुढें आणा. तिची फी सरकारी मदतीनें बहुतेक भागते, पण थोडी कमी पडते. पुस्तकें महाग. गाडीभाडें रोजचें. एखाद्या आठवड्यांत ह्यांपैकीं एक दोरा तुटतो आणि ती चार दिवस येत नाहीं; पांचव्या दिवशीं तिला वर्गांत शिरण्याची लाज वाटते. कॉलेजांत कोणास कांहीं कळतही नाहीं. ‘असॅप’नें हे दोरे एकेक करून बांधले. फीची तूट भरली, पुस्तकें पुरविलीं, आगगाडी व बस ह्यांचा पास दिला. त्या बदल्यांत विद्यार्थ्यानें पूर्ण वेळ नांव घालावें, तयारीचे वर्ग आधीं उरकावेत, आणि आपल्या सल्लागारास नेमानें भेटावें. ह्या सल्लागाराकडे मुलेंही थोडीं सोपविलेलीं असत, म्हणून कोण आलें नाहीं हें त्याला ठाऊक असे. आमच्या जुन्या मिशनच्या बोर्डिंगांत ज्यांनीं दिवस काढले आहेत, त्यांना रात्रीच्या अभ्यासाच्या वेळीं रिकाम्या पाटावर नेमकी पडणारी फादरांची नजर आठवत असेल. तीच ही नजर.

ह्या योजनेची परीक्षाही कसोशीनें झाली. गरीब व तयारींत कमी अशा ८९६ विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दोन भागांत वांटणी केली; एका भागास योजना, दुसऱ्यास नेहमींची व्यवस्था. तीन वर्षांनीं पाहिलें तों योजनेंतील शंभरांपैकीं चाळीस जणांस दोन वर्षांची पदविका मिळाली होती, इतरांपैकीं बावीस जणांस. हे आंकडे २०१५ सालीं प्रसिद्ध झाले. न्यूयॉर्कची हवा निराळी असें म्हणणारांसाठीं ओहायो संस्थानांतील तीन कॉलेजांत तोच प्रयोग झाला. तेथें पस्तीस आणि एकोणीस असा निकाल लागला. खर्च? एका विद्यार्थ्यामागें तो नक्कीच अधिक येतो. पण उत्तीर्ण झालेल्या एकेका विद्यार्थ्यामागें हिशेब केला, तर न्यूयॉर्कांत तो नेहमींच्या व्यवस्थेपेक्षां कमीच भरला. अर्धवट सोडून गेलेल्या मुलांवरही पैसा खर्च झालेलाच असतो. तो फक्त कोणी मोजीत नाहीं.

शिकविणारा कोण, ह्याकडेही पाहिलें पाहिजे. उत्तर कॅलिफोर्नियांतील एका मोठ्या कम्युनिटी कॉलेजाच्या नोंदी तपासून तीन अर्थशास्त्रज्ञांनीं २०१४ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. अल्पसंख्य समाजाच्या मुलांस त्यांच्यासारख्याच समाजांतून आलेला शिक्षक लाभला, कीं वर्ग सोडण्याच्या व गुणांच्या बाबतींत गोऱ्या मुलांशीं असलेलें त्यांचें अंतर वीस ते पन्नास टक्क्यांनीं घटतें, असें त्यांस आढळलें. त्याच प्रांतांतील हेवर्ड गांवच्या शाबो कॉलेजांत फेलिक्स गॅलाव्हिझ आणि पॅट्रिशिया मॅग्रा ह्या दोघांनीं १९८१ सालीं ‘प्वेंते’ नांवाचा उपक्रम काढला होता. ह्या स्पॅनिश शब्दाचा अर्थ पूल असा आहे. मेक्सिकन घराण्यांतील मुलें सल्लागारांकडे जात नाहींत, निबंधाचे वरचे वर्ग घेत नाहींत, आणि त्यांच्या घरांत कॉलेज पाहिलेलें दुसरें कोणी नसतें, असें त्यांच्या ध्यानांत आलें. म्हणून लेखनाचा वर्ग, सल्लागार आणि समाजांतील एखादा पोक्त मार्गदर्शक अशी त्रयी त्यांनीं मुलांच्या पाठीशीं उभी केली, व वाचावयास त्यांच्याच लोकांनीं लिहिलेलें साहित्य दिलें. उपक्रम अजून चालू आहे.

ह्या सर्वांवर एक आक्षेप नेहमीं येतो: ही एका वर्णाची खुशामत आहे, व तीमुळें विद्येची पातळी उतरते. २०२३ सालच्या जून महिन्यांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें कॉलेजप्रवेशांत वर्ण लक्षांत घेण्याची पद्धति घटनाविरुद्ध ठरविली, तेव्हां हा वाद फारच पेटला. आमचें मत असें आहे कीं, कम्युनिटी कॉलेजच्या बाबतींत त्यांतील बराचसा भाग गैरलागू आहे. जेथें सर्वांनाच प्रवेश आहे, तेथें कोणाची जागा कोणी घेतली? गाडीचा पास, जोडीचे जादा तास, चौकशी करणारा सल्लागार, ह्यांनीं गणिताचा एकही प्रश्न सोपा झालेला नाहीं. प्रश्नपत्रिका तीच आहे; फक्त ती सोडविण्यास अधिक मुलें बसलेलीं आहेत. शिक्षक निवडण्याचा प्रश्न मात्र अधिक नाजूक आहे, व त्याचा निकाल एका व्याख्यानांत लागण्यासारखा नाहीं.

आपल्या देशांत कम्युनिटी कॉलेजची कल्पना रुजविण्यांत कॅथलिक मंडळींचा हात आहे, हें येथें पुष्कळांस ठाऊक नसेल. मद्रासेंत १९९६ सालीं जेसुइट फादर झेवियर अल्फोन्स ह्यांच्या पुढाकारानें असें कॉलेज निघालें. शाळा सुटलेल्या गरीब मुलामुलींस धंदेशिक्षण द्यावें, हा त्याचा हेतु. रूप अमेरिकेहून निराळें आहे, परंतु दार सर्वांस उघडें ठेवण्याची बुद्धि तीच.

शेवटीं एक मागणी करितों. दरवर्षीं जूनमध्यें आपल्या धर्मग्रामांतून किती मुलें कॉलेजांत गेलीं, हें आपण हौसेनें वेदीवरून जाहीर करितों. त्याच मुलांपैकीं किती जण दिवाळीच्या सुटीनंतर परत गेलीं, आणि जीं गेलीं नाहींत त्यांच्या घरीं कोणी जाऊन आलें काय, ह्याची यादी आपल्यापाशीं नाहीं. ती नाताळापूर्वीं तयार व्हावी. प्रत्येक वाडींतून एक तरुण व एक वडीलधारी बाई अशा दोघांनीं हें काम पत्करलें, तर दोन रविवारांत तें पुरें होईल. नांवें प्रार्थनासभा संपल्यावर सॅक्रिस्टींत द्यावीं. फादरांची तीस संमति आहे.