विचारणाऱ्याची मोकळीक, सांगणाऱ्याचा मान
(उमरी येथे विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या वस्त्यांत कागद घेऊन माणसं येतात. दारू कोण पितं, घरात मारहाण होते का, कर्ज किती, असं विचारतात. माणसाच्या वागण्याचा हा अभ्यास होऊ द्यावा की दार लावून घ्यावं? आमचं म्हणणं असं की दार उघडं ठेवावं. पण उंबरठ्यावर आपणही प्रश्न विचारावेत.

दार उघडं कशासाठी? रिस्ले नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं माणसांची नाकं मोजली आणि त्यावरून जातींची उतरंड मांडली. बाबासाहेब नुसता निषेध करून थांबले नाहीत. १९४८ साली आलेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी असल्याच मोजमापांचे आकडे तपासले आणि ब्राह्मण व अस्पृश्य एकाच वंशाचे, असा निष्कर्ष काढला. खोट्या शास्त्राला उत्तर अभ्यासानंच दिलं. म्हणून संशोधकाला मोकळीक पाहिजे. आपल्या वस्तीत दारू आढळली तर तेही लिहिलं गेलं पाहिजे.

पण जबाबदारी सुटली की काय होतं? इंग्रज सरकारनं १८७१ चा कायदा करून अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. केनेडी या पोलीस अधिकाऱ्यानं १९०८ साली मुंबई इलाख्यातल्या अशा जमातींच्या सवयी, पेहराव, बोली यांचं पुस्तकच काढलं. शिक्का तान्ह्या लेकरालाही बसला. सोलापुरात या लोकांना तारेच्या कुंपणात, सेटलमेंटमध्ये ठेवलं. तिथून गिरणीत कामाला नेलं. आम्ही गिरणीत राबलेली माणसं, त्या गिरण्यांच्या सुतात त्यांचाही घाम आहे हे विसरू नये. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला. शिक्का अजून पुरता पुसला नाही.

आता नियम आहेत. मुंबईच्या ‘सेहत’ संस्थेच्या पुढाकारानं २००० साली आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी आचारनियम निघाले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत माणसाच्या वागण्याच्या अभ्यासावर वेगळं प्रकरण आहे. सार साधं आहे: समजावून सांगा, संमती घ्या, नाव गुप्त ठेवा, मधेच नको म्हटलं तर थांबा.

पण नियम कागदावर राहून भागत नाही. सासूदेखत सुनेला ‘नवरा मारतो का’ म्हणून विचारलं, तर विचारणारा निघून जातो. रात्री भोगावं तिलाच लागतं. तिला एकटीला विचारा. आणि वस्तीच्या पंचांनी हो म्हटलं म्हणजे तिचं हो झालं, असं धरू नका. आम्हा कार्यकर्त्यांनाही हे लागू आहे.

तेव्हा आयाबायांनो, पोरांनो, चार प्रश्न पाठ करा. तुम्ही कोण, कशासाठी आलात? आमची माहिती कोणाच्या हाती जाणार? नको म्हटलं तर रेशन, दवाखाना अडणार नाही ना? आणि काय निघालं ते आम्हाला आमच्या भाषेत येऊन सांगाल का?

नीट उत्तर मिळालं तर सतरंजी टाका, पाणी द्या आणि पटलं तर खरं तेच सांगा. आपण खोटं सांगितलं तर अभ्यासही खोटा होतो आणि त्यावर उभी राहणारी योजनाही.

एवढं बोलून आम्ही थांबतो. जयभीम!