हरणाऱ्यांचा मुकादम

परवा महाराष्ट्र मंडळात एक ओळखीचे गृहस्थ भेटले. त्यांचा मुलगा बॉक्सिंग करतो. त्याला परगावच्या एका शोमध्ये लढायला बोलावलंय, पैसेही बरे देतायत. "कर्नलसाहेब, पाठवू का?" असं त्यांनी विचारलं. त्यावरून आजचा विषय.

१७ ऑगस्ट २०२२ ला आपल्या रायपूरच्या बलबीरसिंग जुनेजा इनडोअर स्टेडियममध्ये विजेंदरसिंग खेळला, आठवतंय ना? घानाच्या इलियासू सुलीला त्यानं दुसऱ्याच फेरीत नॉकआऊट केलं. लोक नाचत होते, मी मात्र दुसऱ्या कॉर्नरकडे बघत होतो. फौजेची सवय! पडलेल्याला उचलायला कोण येतं, ते आधी बघायचं.

सुली काही हरायला आलेला नव्हता, तोवर तो अपराजित होता. पण व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये हरण्यावर पोट असलेली माणसंही असतात. इंग्रजीत त्यांना जर्नीमन म्हणतात, मी रोजंदारीचे बॉक्सर म्हणतो. इथे चावडीवर सकाळी मजूर उभे असतात ना, तसे. फोन येतो की शनिवारी अमुक गावी, अमुक वजनाचा माणूस हवा. बॅग भरायची आणि निघायचं. समोर असतो एखादा होतकरू मुलगा. त्याचे मामा, काका, मित्र तिकिटं काढून आलेले असतात आणि त्या तिकिटांतूनच पाहुण्याचे पैसे निघतात. आता कोण जिंकलेलं सगळ्यांना हवं असेल, सांगा.

इंग्लंडात बर्मिंगहॅमला अशा मजुरांचा एक नामी मुकादम होता, नॉबी नॉब्ज. त्याच्या पदरी अशा बॉक्सरांची मोठी पलटण होती आणि तिचं नाव होतं 'लूझर्स अनलिमिटेड'. आपल्याच धंद्यावर इतकं हसता येणारा माणूस मला आवडतो. त्याचा सगळ्यात नावाजलेला गडी पीटर बकली. १९८९ ते २००८ या काळात तो ३०० लढती लढला. ३२ जिंकला, १२ बरोबरीत सुटल्या आणि २५६ हरला. नसीम हमीदसारख्यासमोरही तो उभा राहिला. तीनशेवी आणि शेवटची लढत मात्र त्यानं जिंकली.

२५६ ऐकून हसू नका. नॉकआऊट झालात तर तिथलं बोर्ड काही आठवडे रिंगमध्ये उतरू देत नाही, म्हणजे तेवढी रोजी बुडाली. गुणांवर हरलात तर पुढच्या शनिवारी पुन्हा हजर. म्हणून चार फेऱ्या हनुवटी खाली, हात वर, ठोसा खांद्यावर घ्यायचा, अंगाशी आलं की समोरच्याला मिठी मारायची, आणि घरी यायचं. बकली बहुतेक वेळा गुणांवरच हरला. हे सोपं वाटत असेल तर एक फेरी उभं राहून बघा! आणि मुकादमाचं खरं काम असतं नाही म्हणण्याचं. समोरचा फार जोरात मारतो, माझा माणूस मिळणार नाही. याचा डोळा अजून सुजलेला आहे, दुसरा बघा. टक्केवारीसाठी कुणालाही पाठवणारेही असतातच.

मला हे उशिरा कळलं. मी कॅप्टन होतो, बॉक्सिंग टीम माझ्याकडे होती. एका वजनगटात आमच्याकडे माणूसच नव्हता आणि वॉकओव्हर दिला तर गुण जाणार होते. मी लंगरमधल्या एका जवानाला बोलावलं. वजन जुळत होतं, बाकी काही नाही. "तीन फेऱ्या उभा राहा, बस्स," मी म्हणालो. तो म्हणाला, "जी साब."

तो उभा राहिला. दुसऱ्या फेरीत त्याच्या कॉर्नरमधला उस्ताद टॉवेल हातात धरून माझ्याकडे बघत होता. मी गुणफलकाकडे बघत होतो.

ट्रॉफी आम्ही जिंकली. त्या जवानाच्या डाव्या डोळ्याचा पडदा सुटला, मेडिकल कॅटेगरी खाली आली आणि बढती राहिली ती राहिलीच. मला कुणी जाब विचारला नाही. दिवाळीला त्याचा फोन येतो, अजूनही साहेब म्हणतो. डोळ्याचा विषय ना तो काढत, ना मी.

त्या गृहस्थांना मी दोनच गोष्टी विचारल्या. समोरचा मुलगा कोण आहे? आणि तुमच्या मुलाच्या कॉर्नरमध्ये टॉवेल कुणाच्या हातात असणार? दोन्हींची उत्तरं त्यांच्याकडे नव्हती. विचारून सांगतो म्हणाले. काल त्यांचा फोन आला. मुलगा रागावलाय, पण घरी आहे.