श्रीफळ कुणाच्या ओटीत?



एका नारळाला आपण किती नावं देतो बघा. कोवळा असला की शहाळं, सोललेला नसला की असोला, आतला गर सुकला की खोबरं. ‘नारळ’ आला संस्कृतातल्या ‘नारिकेल’वरून. आणि ओटीत, पूजेत ठेवला की तोच श्रीफळ.

गंमत पुढेच आहे. संस्कृतात श्रीफळ म्हणजे बेलाचं फळ! अमरकोशात बेलाच्या नावांमध्ये ते दिलंय. पुढे आपल्याकडे हे नाव नारळाला चिकटलं. कुणी हुकूम काढला नव्हता, लोक म्हणत गेले. (‘त्याला नारळ दिला’ म्हणजे कामावरून काढलं, हेसुद्धा आपणच म्हणायला लागलो ना?)

‘श्री’ म्हणजे लक्ष्मी, भरभराट. आता सांगा, गटाचा हिशेब चोख ठेवणारी, कर्जाचा हप्ता कधी न चुकवणारी आपली ताई, नवरा गेला म्हणून हळदीकुंकवाला मागं का बसते? तिच्या ओटीत श्रीफळ का नाही? शब्दाचा अर्थ माणसांनी बदलला, मग रीत बदलायला काय हरकत आहे?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. ठराव कागदावर होतो, ओटी मात्र बायांनाच भरावी लागते. सासूबाई काय म्हणतील, ही भीती खरी आहे, मला माहितीये. म्हणून एकटीने नको, गटाने मिळून करू.

पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. पहिली ओटी कुणाची भरायची ते तुम्ही ठरवा, आणि त्या ताईंना आधी विचारा. नारळ मी आणते.