वडशाच्या पुढची वाट

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपूर जिल्ह्यांतून वेगळा निघाला, तेव्हां त्याच्या वांट्याला आगगाडीचें एकच स्टेशन आलें. तें म्हणजे वडसा. तालुक्याचें नांव देसाईगंज, स्टेशनाचें नांव वडसा. वैनगंगेच्या कांठचें, भातगिरण्यांचें आणि झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्यांचें हें गांव. गोंदियाहून बल्लारशाहकडे जाणारी गाडी येथें घटकाभर विसांवते आणि लागलीच वैनगंगा ओलांडून ब्रह्मपुरीच्या बाजूला, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यांत, निघून जाते. १४,४१२ चौरस किलोमीटरांचा हा जिल्हा. पण त्याच्या एका कोपऱ्याला रूळ स्पर्श करतात न करतात तोंच ते बाहेर पडतात. पुढें गडचिरोली, धानोरा, एटापल्ली, भामरागड आणि अगदीं दक्षिणेस प्राणहितेच्या कांठचें सिरोंचा. तिकडे जावयाचें तर एस.टी.ची बस, बस संपली कीं मिळेल तें वाहन, आणि तेंही संपलें कीं पायवाट. वडशाहून गडचिरोलीपर्यंत सुमारें ५२ किलोमीटरांच्या नव्या लोहमार्गाचें काम हातीं घेण्यांत आलें आहे. परंतु तो पुरा झाला तरी पायवाट कांहीं नाहींशी होणार नाहीं.

वडशाला उतरणारा प्रवासी एक गोष्ट सहज शिकतो. गाडी जेथें थांबते तेथें प्रवास संपत नाहीं. आज सरकार, शिक्षणसंस्था आणि ग्रंथप्रकाशक आपापल्या सेवा संगणकाच्या द्वारें, म्हणजे ज्यास सर्वत्र ‘ऑनलाइन’ म्हणतात त्या मार्गानें, लोकांपर्यंत पोंचवूं लागले आहेत. त्यांनींही हा धडा ध्यानांत घेणें अगत्याचें आहे.

या नव्या मार्गाची थोरवी प्रथम मान्य केली पाहिजे. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रांत डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळूं लागला. एका उताऱ्यासाठीं तलाठ्याच्या सज्जावर दोन दोन खेपा घालणाऱ्या शेतकऱ्यास या सोईचें मोल विचारावें. शहरांतील मनुष्यास तें तितकेंसें कळणार नाहीं. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि आपल्या बांधींत काय पिकलें याची नोंद शेतकऱ्यानें स्वतःच, मोबाइलवर छायाचित्र काढून, करावी असें ठरलें. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानें तर त्याहून मोठी गोष्ट केली. दाखला ही अधिकाऱ्याची मेहेरबानी नसून नागरिकाचा हक्क आहे, त्याला मुदत आहे, आणि कारणावांचून ती मुदत टाळणाऱ्या अधिकाऱ्यास पांचशें ते पांच हजार रुपये दंड होऊं शकतो, असें त्या कायद्यानें लिहून ठेविलें. अर्ज कोठें अडला हें अर्जदाराला घरबसल्या दिसूं लागलें. कागद कोणत्या टेबलावर पडला आहे हें गुपित ज्या व्यवस्थेचें बळ होतें, त्या व्यवस्थेला हा लहानसा धक्का नव्हे.

मग उणें कोठें आहे? तें पाहावयाचें तर वडशाच्या पुढें गेलें पाहिजे.

दूरच्या एखाद्या खेड्यांतील गोंड विद्यार्थिनी बारावी उत्तीर्ण झाली आहे अशी कल्पना करावी. महाविद्यालयांतील प्रवेश, वसतिगृह आणि शिष्यवृत्ति या तिन्ही गोष्टींसाठीं तिला जातीचें प्रमाणपत्र पाहिजे. अर्ज ऑनलाइन आहे. तो भरावयास अर्धा तासही लागत नाहीं. परंतु अनुसूचित जमातीच्या अर्जदारास ६ सप्टेंबर १९५० पूर्वींचा वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. तो पुरावा म्हणजे पणजोबाच्या नांवाची जुनी महसुली नोंद, किंवा कोतवाल पंजींतील जन्ममृत्यूची एखादी ओळ, किंवा शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरांतील अक्षर. ज्या घरांतून शाळेंत जाणारी हीच पहिली पिढी, तेथें शाळेचा जुना कागद कोठून यावयाचा? राहतां राहिली कोतवाल पंजी. ती तहसिलीच्या अभिलेखागारांत, कापडांत बांधलेल्या गठ्ठ्यांत, कधीं वाळवी लागलेल्या पानांत असते. अर्ज विजेच्या वेगानें गेला आणि पुरावा गठ्ठ्यांत राहिला. तो गठ्ठा सोडून, मोडी किंवा जुनें देवनागरी अक्षर लावून, पणजोबाचें नांव शोधून देणारा मनुष्य मिळाला नाहीं, तर संगणकाच्या पडद्यावर केवळ ‘त्रुटी’ हा शब्द उमटतो. त्या एका शब्दापायीं मुलीचें वर्ष जातें, आणि कित्येकदां वर्षामागें शिक्षणही जातें.

दुसरें उदाहरण धानाचें घ्यावें. हमीभावानें सरकारी केंद्रावर धान विकावयाचें तर आगाऊ ऑनलाइन नोंदणी करावी लागते. सातबारा, आधार आणि बँकेचें खातें यांचा मेळ तेथें बसला पाहिजे. एका अक्षराचा फरक पडला तरी नोंदणी अडते. धान मात्र अंगणांत थांबून राहत नाहीं. देणें डोक्यावर असलेला शेतकरी तें व्यापाऱ्याला मिळेल त्या भावानें देऊन मोकळा होतो. नोंदणीच्या आंकड्यांत तो कोठेंच दिसत नाहीं. कारण जो आंत येऊंच शकला नाहीं त्याची गणती यंत्र करीत नाहीं.

ही अडचण केवळ निरक्षरांची आहे असें समजूं नये. ‘ओटीपी’ नांवाचा एकवेळचा आंकडा मोबाइलवर येतो. पण ज्या गांवीं मोबाइलला रेंज लागत नाहीं तेथें तो येत नाहीं, किंवा त्याची मुदत टळून गेल्यावर येतो. रोवणी करून, बांबू सोलून आणि तेंदूपत्ता तोडून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, त्यांचा ठसा यंत्र ओळखीत नाहीं. जिल्ह्यांत मराठी आहे, तिची झाडीबोली आहे. गोंडी आणि माडिया आहेत. दक्षिणेस तेलुगु आहे आणि निर्वासितांच्या वसाहतींतून बंगाली आहे. अर्जाचा नमुना मात्र मराठींत किंवा इंग्रजींत.

हा प्रश्न किती जिवावरचा होऊं शकतो हें सर्व देशानें एकदां पाहिलें. १ मे २०२१ पासून अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या नागरिकांस करोनाची लस खुली झाली. परंतु ‘कोविन’वर आगाऊ नोंदणी आणि वेळ ठरविल्यावांचून ती मिळेना. ज्याचा मोबाइल चांगला आणि बोटें चपळ, त्याला आधीं जागा मिळूं लागली. त्याच महिन्याच्या ३१ तारखेच्या आदेशांत सर्वोच्च न्यायालयानें, ज्यांना आंतरजाल उपलब्ध नाहीं त्यांचें काय, हा प्रश्न सरकारला स्पष्ट शब्दांत विचारला. केंद्रावर जाऊन तेथल्या तेथें नांव नोंदविण्याची मुभा मे अखेरीपासून टप्प्याटप्प्यानें मिळाली आणि २१ जूनपासून ती सर्वत्र लागू झाली. दार बदलावें लागलें नाहीं. दाराशेजारीं एक खिडकी उघडावी लागली, इतकेंच.

शिक्षणाचीही कथा निराळी नाहीं. २०२० सालीं शाळा बंद पडल्या, तेव्हां शहरांतील घरांत वर्ग मोबाइलवर आले. जेथें मोबाइल एकच आणि तोही बापाबरोबर कामावर गेलेला, तेथें वर्ग आला नाहीं. त्या वेळीं नागपूर आकाशवाणीवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ भरविण्यांत आली आणि ‘टिलीमिली’ ही मालिका दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर दाखविण्यांत आली. जुनीं म्हणून बाजूस सारलेलीं साधनें अशा रीतीनें पुन्हां कामीं आलीं. त्यांना ओटीपी लागत नव्हता आणि परवलीचा शब्दही लागत नव्हता.

ग्रंथांच्या बाबतींत लाभ निःसंशय मोठा आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश, आणि वाई येथें तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं सिद्ध होऊं लागलेला मराठी विश्वकोश, हे दोन्ही आज आंतरजालावर विनामूल्य वाचावयास मिळतात. बालभारतीचीं पाठ्यपुस्तकें आणि राज्य साहित्य आणि संस्कृति मंडळाचे अनेक ग्रंथही तसेच मिळतात. ज्ञानकोशाचे सर्व खंड एकेकाळीं मोठ्या ग्रंथालयांतच असावयाचे. ते आज देसाईगंजच्या मुलाच्या हातीं आहेत. तथापि पुस्तकाच्या पानांचीं नुसतीं छायाचित्रें काढून ठेवलीं, तर तीं जड होतात आणि अशक्त जाळ्यावर उघडतां उघडत नाहींत. त्यांत शब्द शोधतां येत नाहीं आणि अंधाचें यंत्र तीं वाचूं शकत नाहीं. प्रकाशकानें मजकूर हलका व शोधतां येईल असा ठेवावा, आणि गांवच्या वाचनालयांत तो एकदां उतरवून सर्वांना दाखविणारा ग्रंथपाल असावा. एवढें झालें तरच प्रकाशन पुरें झालें असें म्हणतां येईल.

उपाय शोधण्यासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. या जिल्ह्यानेंच ते दाखविले आहेत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनें गडचिरोलीच्या ३९ खेड्यांत गांवच्याच स्त्रियांना शिकवून नवजात अर्भकांची शुश्रूषा घरोघर पोंचविली. बालकांना इस्पितळांत आणावयाचें असा नेहमींचा क्रम. येथें इस्पितळाची विद्याच बालकाच्या घरीं गेली. नवजात बालकांचें मृत्युमान निम्म्याहून अधिक घटलें, हा निष्कर्ष १९९९ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. गडचिरोली पोलिसांनीं दुर्गम भागांतील ठाण्यांतून व मदत केंद्रांतून ‘पोलीस दादालोरा खिडकी’ उघडली. तेथें बसलेला मनुष्य गांवकऱ्याचा अर्ज संगणकावर भरून देतो आणि दाखला हातीं येईपर्यंत त्याचा पाठपुरावा करतो. या भागांतील लोक पोलीस आणि नक्षलवादी यांच्या संघर्षांत दीर्घकाळ भरडले गेले आहेत; तेथें दाखल्यासाठीं ठाण्याची पायरी चढणें सर्वांनाच सोपें जात नाहीं. म्हणून अशी खिडकी ग्रामपंचायतींत, आश्रमशाळेंत आणि वाचनालयांतही असावी. तरी तिचें तत्त्व खरें आहे.

आणि खुद्द वडशाची रीत पाहावी. दिवाळीनंतर झाडीपट्टींत नाटकांचा हंगाम सुरू होतो. गांवोगांवचीं मंडळें वडशाला येतात, नाटकमंडळ्यांच्या कचेऱ्यांत बसतात, आणि नाटक कोणतें, नट कोण, तारीख कोणती, रक्कम किती, हें समोरासमोर ठरवितात. मोबाइल दोघांच्याही खिशांत असतो. पण विश्वास हा समोर बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे पाहून बसतो. ही मागासलेपणाची खूण नव्हे. ही व्यवहाराची जाण आहे.

युरोपांतील एस्टोनिया हें राष्ट्र या बाबतींत सर्वांपुढें आदर्श म्हणून ठेवण्यांत येतें. त्याची लोकसंख्या सुमारें तेरा लक्ष. गडचिरोली जिल्ह्याची २०११ च्या शिरगणतींत १०,७२,९४२ होती. म्हणजे दोन्ही जवळ जवळ एकाच मापाचीं. तेथें २००५ पासून मतदानही आंतरजालावरून होतें. परंतु त्या राष्ट्रानें शतक उलटण्यापूर्वींच शाळाशाळांतून संगणक नेले होते, आणि २००१ च्या सुमारास सुमारें एक लक्ष प्रौढ नागरिकांना संगणक वापरावयास शिकविलें. दुसरें असें कीं, जी माहिती सरकारच्या एका खात्यापाशीं आहे ती दुसऱ्या खात्यानें नागरिकाकडे पुन्हां मागूं नये, असा तेथें दंडक आहे. येथें ज्या तहसिलीनें उत्पन्नाचा दाखला दिला, त्याच सरकारच्या शिष्यवृत्तीसाठीं त्याच दाखल्याचें छायाचित्र मुलानेंच पुन्हां चढवावें लागतें. दाखले नागरिकानें वाहावयाचे असतील तर तार हवी कशाला?

तात्पर्य इतकेंच कीं, सेवेचा शेवटचा टप्पा हा माणसाचाच असतो. तो टप्पा आजही कोणी तरी पार पाडतेंच: सेवा केंद्रांतील तरुण, शाळेंतील गुरुजी, अंगणवाडीची ताई, शिकलेला पुतण्या. त्यांची गणना कोणत्याही योजनेच्या खर्चांत होत नाहीं. म्हणून तो भार कधीं उपकार होतो, तर कधीं लूट होते. ज्या दिवशीं हा मनुष्य सेवेचाच भाग मानला जाईल, त्याला शिक्षण आणि वेतन मिळेल, त्याच्यापाशीं गोंडी व माडिया बोलणारें कोणी असेल, आणि यंत्रानें नाकारलेल्या प्रत्येक अर्जाची नोंद हक्काच्या कायद्याखालीं होईल, त्या दिवशीं ती सेवा खऱ्या अर्थानें पोंचली असें म्हणावें.

वडशाच्या फलाटावर गाडी उभी राहते, प्रवासी उतरतात, आणि स्टेशनाबाहेर बसची वाट पाहत उभे राहतात. बस आली नाहीं, तर गाडी वेळेवर आल्याचें समाधान त्यांनीं काय करावयाचें?